दूध पाजून दाखव

मला पहिली थप्पड मारली ती बाई माझ्याच वयाची होती. तिच्याही काखेत मूल होतं. हातातल्या हिरव्या बांगड्यांपैकी एक माझ्या जबड्यावर फुटली आणि काच हनुवटीखाली रुतली. रक्त मानेवरून झब्ब्यात उतरलं, पण मला ते फार नंतर कळलं. माझं सगळं लक्ष माझ्या दोन हातांत होतं. त्या हातांत साडेचार महिन्यांची माझी मुलगी होती आणि तिला चार जण ओढत होते.

हे घडलं ते सहलीच्या दिवशी. मे महिन्याची सुट्टी होती, नवरा शाळामास्तर, त्यामुळे तोही घरी होता. आमचा नवा जिल्हा वेगळा होऊन दोन-चार वर्षं झाली होती आणि आमच्याकडे कधी न आलेल्या गोष्टी हायवेच्या कडेकडेनं यायला लागल्या होत्या. त्या वर्षी आनंदमेळा आला. कसालच्या अलीकडे, भात कापून सुकलेल्या मळ्यात, तंबू ठोकून, मुंबईहून सुट्टीला आलेल्या चाकरमान्यांच्या पोरांसाठी. आकाशपाळणा, वेडेवाकडे आरसे, बोलणारं मुंडकं आणि मौत का कुआँ. घरात साडेचार महिने कोंडून राहिलेल्या मला त्या नावांनीच धाप लागली. मी म्हटलं, मी जाणार, आणि पोरीला घेऊन जाणार.

सासूबाई वालावलच्या घराच्या पडवीत बसून म्हणाल्या, "अंगावर पिताळा पोर घेवन कोण जत्रेक जाता काय गो?"

"जत्रा नाही ती," मी म्हटलं.

"माणसां जमतत ना? मगे जत्राच ती."

माझी आणि त्यांची वाटणी लग्नातच झाली होती. माझे वडील खारेपाटणला शिक्षक आणि शाळा सुटली की पत्रकं काढणारे. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं जास्त. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्यांवरच. हुंडा, बुवाबाजी, नवससायास, सगळ्यांवर माझी मतं दहाव्या वर्षी तयार होती. मी रजिस्टर लग्न केलं, मंगळसूत्र घातलं नाही, कुंकू लावलं नाही. सासूबाई दोन दिवस रडल्या आणि तिसऱ्या दिवशी डोळे पुसून म्हणाल्या, "तू तुझ्या गळ्यात काय नको तर घालू नको. पण उद्या माझ्या नातवंडांच्या गालाक मी काजळ लावतलंय, त्यात तू बोलूचा नाय." नवऱ्यानं हात जोडले. मी मान हलवली. मनातून ते मला कधीच मान्य नव्हतं.

त्या दिवशीही निघताना त्यांनी पोरीच्या गालावर पावलीएवढी तीट लावली, कपाळावर दुसरी, आणि मनगटात काळा दोरा आवळून बांधला. वर म्हणाल्या, "नीट धरा गे तिका. पोरा पळवणारे फिरतत."

ही अफवा महिनाभर चालली होती. कोणाचं मूल गेलं ते कोणालाच सांगता येत नव्हतं, पण कसं गेलं ते सगळ्यांना पाठ होतं. घाटावरची माणसं येतात. त्यांच्यात एक बाई असते. ती पोराला आडोशाला नेते, कपडे बदलते, तीट पुसते, अंगावरचे दोरे तोडते, म्हणजे पोर ओळखू येत नाही. एसटीत आमच्या मागे बसलेला माणूस हेच शेजाऱ्याला सांगत होता. मी पोरीला पाजत होते. मी मागे वळून म्हटलं, "तुम्ही पाहिलंत का?" तो म्हणाला, "सगळी सांगतत, ती काय खोटा सांगतत?" मला त्याच्याशी वाद घालायचा होता. नवऱ्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

आधी आकाशपाळण्यात मी बसले. नवरा पोरीला खांद्यावर घेऊन खाली उभा. पाळणा वर गेला आणि मी ओरडले. भीतीनं नाही, नुसती ओरडले. वरून हायवे दिसला, काजूच्या बागा दिसल्या आणि खाली माझी पोर कुंचीसकट एका मुठीएवढी. पाचव्या फेरीला माझ्या छातीतून कळ आली, तिच्या पाजण्याची वेळ झाली होती. मी उतरले तेव्हा नवरा हसत होता. "सगळ्या मेळ्याक तुझो आवाज ऐकाक गेलो," तो म्हणाला.

मग त्याची पाळी. त्याला मौत का कुआँ बघायचा होता. उंच लाकडी विहीर, बाहेरून जिना, वर काठाशी माणसं उभी राहणार आणि आत मोटारसायकल भिंतीवरून गरगरा फिरणार. तिकिटं देणारा माणूस पन्नाशीचा, एका पायानं लंगडा. कधीकाळी तोही आत गाडी चालवायचा, त्यानंच सांगितलं. घाटावरचा होता. पोरीकडे बघून म्हणाला, "ताई, एवढं लेकरू वर नका नेऊ. आवाजानं कान फाटतील त्याचे. मागं कनातीला सावली हाय, माझी ट्रंक हाय, तिथं बसा निवांत."

नवरा जिना चढून गेला. मी कनातीच्या मागे ट्रंकेवर बसले.

आता जे मी केलं ते सावकाश सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. पोर उन्हानं लाल झाली होती. एसटीत प्यालेलं दूध तिनं ओकलं आणि झबलं भिजलं. पाजायला घेण्याआधी मी पिशवीतून दुसरं काढून तिला घातलं. गालावरचं काजळ घामानं ओघळून डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत आलं होतं. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सासूबाई दहा कोसांवर, नवरा विहिरीच्या काठावर. मला आनंद झाला, चोरून चिंच खाताना होतो तसा. रुमालाला थुंकी लावली आणि दोन्ही तिटी खसाखसा पुसून टाकल्या. मग दोरा. त्यानं मनगटावर वळ उठला होता. तो दातानं तोडला आणि कनातीखालून बाहेर फेकला. पोर रडायला लागली. "आता तू माणूस दिसतेस," मी तिला म्हटलं.

मान वर केली तर कनातीच्या फटीतून ती बाई बघत होती. काखेत मूल, हातात हिरव्या बांगड्या.

"ह्या पोर कोणाचा गो?"

माझीच मुलगी आहे, एवढंच मी सांगितलं असतं, हसले असते, गाव सांगितलं असतं, "मास्तरांची बायल मी" असं म्हटलं असतं, तर ती पुढे गेली असती. पण माझ्या बायकोपणावरून, आईपणावरून कोणी विचारलं की माझं डोकं फिरायचं. आणि राग आला की मी मालवणी विसरायचे, पत्रकातलं मराठी तोंडात यायचं.

"तुमचा काय संबंध?" मी म्हटलं. "तुम्हाला विचारण्याचा अधिकार कोणी दिला?"

"खंयची तू? गळ्यात काय नाय तुझ्या."

"मी घालत नाही. माझा तो विचार आहे."

"तीट कित्याक पुसलंस?"

"माझी मुलगी आहे, मी वाटेल ते करीन."

तिनं मागे वळून हाक मारली. तिची हाक अजून ऐकू येते. "अरे धावा रे! हय गावली! पोराचे कपडे बदललेन, दोरो तोडलेन!"

कनात फाटली. मी उभी राहिले एवढंच आठवतं. दहा, पंधरा, मग मोजता येईनात इतके. विहिरीत मोटारसायकल सुरू झाली होती, फळ्या थरथरत होत्या, कोणी काय बोलतं ते अर्धंच ऐकू येत होतं. "माझा नवरा वर आहे," मी ओरडले. "वर आहे, त्याला बोलवा!" कोणीतरी हसलं. "घोव वर आणि मंगळसूत्र खंय? थय वर काय?" मग ती थप्पड, ती काच. एका माणसानं माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि मान मागे खेचली. पोटरीवर काहीतरी बसलं, बहुतेक चप्पल. मी पोरीला छातीशी दाबून गुडघ्यावर आले. मला वाटलं, अशी गोळा होऊन बसले तर ते मला मारतील आणि तिला काही होणार नाही. मग माझी बोटं उलटी करून एकेक उघडली गेली. करंगळी मोडली त्याचा आवाज मला आला. दुखलं नाही. हात रिकामे झाले, ते दुखलं.

पोर डोक्यांवरून गेली. एका हातातून दुसऱ्या हातात, नवं पिवळं झबलं वर, मग गर्दीत खाली, मग नाहीच. फक्त तिचं रडणं राहिलं. मोटारसायकलच्या आवाजात तेही मधूनमधून बुडत होतं.

तिकिटवाला लंगडत आत घुसला. "अरे सोडा तिला! आत्ता नवऱ्याबरोबर आली ती! मी तिकीट दिलं त्याला, मीच बसवलं हिला इथं!"

"तू बसवलंस?"

"व्हय, मीच!"

"आयकलात? ह्यानाच बसवल्यान! दोघांची बोली बघा एकच!"

त्याला धक्का बसला, तो ट्रंकेवर पडला. मला धरलेल्या माणसानं माझं तोंड मातीत दाबलं. भाताच्या कापलेल्या खुंटांची माती होती ती, टोकं गालात शिरत होती. मी म्हणत राहिले, मला मारा, तिला उन्हात धरू नका, तिचं डोकं धरा, मान धरत नाही नीट. कोणी ऐकत होतं की नाही कोण जाणे. मला तेवढंच म्हणता येत होतं. माझ्या आयुष्यात मी कोणासमोर हात जोडले नव्हते. त्या दिवशी मोडक्या करंगळीनं जोडले, ज्याच्यात्याच्या पायाशी जोडले.

मग रडणं थांबलं.

मी मान उचलली, वेणी कोणाच्या मुठीत होती ती तशीच खेचली गेली. पायांच्या मधून मला दिसलं: ती हिरव्या बांगड्यांची बाई खाली मांडी घालून बसली होती. तिचं स्वतःचं मूल शेजारच्या बाईकडे होतं. पदराखाली माझी पोर होती. भुकेली होती ती, पाजण्याची वेळ टळून गेली होती, आणि ती पीत होती.

"बघा," कोणीतरी म्हटलं, "कशी गप झाली. ही आवस असती तर पोर हिच्याकडे रडला असता? दुसऱ्याकडे गप ऱ्हवला असता?"

"खरा आसा."

"पोलिसात कशाक? हयच सोक्षमोक्ष करूया."

कोणीतरी कनातीचा बांबू उपटत होतं. मी तो आवाज ओळखला.

करवंदं विकणारी एक म्हातारी गर्दीच्या कडेला होती. तिची टोपली तुडवली गेली होती आणि त्यावरून ती लोकांना शिव्या देत होती. शिव्या देत देतच ती माझ्यापाशी आली, बहुधा मला एक लाथ घालायलाच. ती थांबली. वाकली. माझ्या झब्ब्याच्या पुढच्या बाजूवर तिनं हात ठेवला. पोरीचं रडणं ऐकून दोन्ही बाजूंनी दूध सुटलं होतं, छातीपासून पोटापर्यंत कापड चिकटलं होतं, मातीनं त्याचा चिखल झाला होता. मला स्वतःला ते माहीत नव्हतं.

"थांबा रे मेल्यांनो!" ती किंचाळली. "हात लावू नका! ह्या दूध आसा, ह्या! बघा!" तिनं ओला तळवा सगळ्यांसमोर धरला. "बाळंतीण आसा ती. पोर खंय तिचा?"

"दूध काय, एखाद्या बाईक असताच—"

"तुझ्या आवशीक विचार जा, पोर रडल्यार कोणाचा दूध सुटता ता."

गर्दी जराशी मागे झाली. पण पोर मिळाली नाही. एक जण म्हणाला, "मगे दूध पाजून दाखव. पोर घेता काय बघूया." दुसऱ्यानंही तेच म्हटलं. मग सगळेच म्हणायला लागले, दूध पाजून दाखव, दूध पाजून दाखव. बायकाही म्हणत होत्या. मी कधीच पदराआड पाजलं नव्हतं, त्यात लाज कसली असं मी इतरांना शिकवत असे. आणि तरी त्या गर्दीसमोर झब्ब्याची बटणं काढताना मला सोलल्यासारखं वाटलं. एका हातानं निघेनात. म्हातारीनं काढून दिली.

त्या बाईनं पोरीला पदराखालून काढलं. पोर किंचाळली. माझ्या मांडीवर तिला ठेवलं तेव्हा तिचं अंग ताठ झालेलं, मुठी आवळलेल्या. मी तिला लावलं. तिनं तोंड फिरवलं. परत लावलं. माझ्या हनुवटीचं रक्त तिच्या गालावर पडत होतं, ती आणखी ओरडली. कोणीतरी म्हणालं, "नाय घेणा." मी डोळे मिटले आणि तिला घरी रात्री करते तसं गुणगुणले, शब्द नसलेलं, नाकातल्या नाकात. माझा आवाज फुटका येत होता. चार, पाच वेळा तिनं झिडकारलं. सहाव्यांदा जीभ लागली, हिरड्या आवळल्या, ओढ बसली.

"घेतल्यान," म्हातारी म्हणाली. त्याच वेळी विहिरीतली मोटारसायकल थांबली आणि खेळ संपवून माणसं जिन्यावरून खाली यायला लागली. त्यांत नवरा होता. त्यानं मला पाहिलं, पोरीला पाहिलं, माझं रक्त पाहिलं. "काय झाला?" तो म्हणाला. "ही माझी बायल. मी शाळेत मास्तर." गर्दीतल्या एकानं त्याला ओळखलं. "गुरुजी, तुमी?" आणि मला सोडून मागे सरकत सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

हिरव्या बांगड्यांची बाई माझ्याजवळ बसली आणि पदरानं माझी हनुवटी पुसायला लागली. "माका काय म्हायत," ती म्हणत होती. "तू सांगूक होया होता बाय. तू सांगलंस नाय." ती रडत होती. मला तिचा गळा दाबावासा वाटला. हात मोकळे नव्हते.

उपटलेला बांबू मात्र तसाच कोणाच्या तरी हातात होता. एवढी माणसं गोळा झाली होती, एवढं रक्त तापलं होतं, ते घेऊन ती घरी कशी जाणार? कोणीतरी म्हणालं, "मगे ह्या घाट्यान हिका आत कशाक बसवल्यान? एकट्या बाईक?" उत्तराची कोणी वाट पाहिली नाही. तिकिटवाला ट्रंकेवरून उठतच होता. बांबू त्याच्या लंगड्या पायावर बसला. तो ओरडला, "ताई, सांगा त्यांना! ताई!"

नवरा मध्ये पडला. त्याला ढकलून दिलं, पण मारलं नाही, तो गुरुजी होता. तो मातीतून उठला आणि माझ्याकडे वळून ओरडला, "तू सांग! तुझाच ऐकतले ते! उठ, सांग त्यांका!"

ते खरं होतं. त्या घटकेला त्या मळ्यात माझ्यापुढे सगळे मान खाली घालून होते. मी उभी राहून एक वाक्य बोलले असते तर बांबू खाली आला असता. म्हातारीही म्हणाली, "सांग गो बाय." मला वाक्यंही सुचत होती, वाक्यं मला नेहमीच सुचतात. या माणसानं सावली दिली. या माणसानं एकट्यानं माझी बाजू घेतली. पण उठायचं म्हणजे पोरीला तोडायचं, तोडलं की ती रडणार, ती रडली की पुन्हा सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळणार. मी तोंड उघडलं नाही. त्याच्याकडे बघितलंही नाही. मी तिच्या कानाकडे बघत बसले. ओढीबरोबर तो हलत होता.

तिकिटवाल्याच्या बरगड्या आणि उजवा हात मोडला, हे दुसऱ्या दिवशी कळलं. आनंदमेळा तोवर उठून गेला होता. मी पोलिसात तक्रार दिली, माझ्यावरच्या मारहाणीची, आणि त्यात त्याच्याबद्दलही लिहिलं, चार ओळी, अगदी स्वच्छ भाषेत. लोक म्हणतात मी धीराची. तक्रार देणं सोपं होतं. पोर तेव्हा झोपलेली होती.

मळ्यात तसं नव्हतं. तो तिसऱ्यांदा की चौथ्यांदा "ताई" म्हणाला, मग नुसता ओरडला, मग ओरडायचाही थांबला. बांबूचा आवाज मात्र ओल्या कपड्यावर धोपटणं पडावं तसा येत राहिला. नवरा कोणाच्या तरी हाताला लोंबकळत होता. ती बाई मला वारा घालत होती. पोरीनं डावी बाजू संपवली आणि कुरकुरली. मी तिला कुशीतच फिरवलं आणि उजवीकडे घेतलं.